वाटेत गाडी अडवली तर

आजचा धडा जरा लांब आहे. एका बैठकीत वाचून झाला नाही तर दोन बैठकींत वाचा. मधे मधे कलमांचे आकडे येतील. त्यांना भिऊ नका. आकडा विसरलात तरी चालेल, मतलब विसरू नका.

माझा भाचा टॅक्सी चालवतो. नाशिक ते मुंबई आणि मुंबई ते नाशिक. २०२४ च्या श्रावणातली गोष्ट. मुंबईला भाडे सोडून तो रात्री रिकामी गाडी घेऊन परतत होता. कसारा घाट चढून वर आला. तेवढ्यात एक मोटारसायकल शेजारी आली. तिच्यावर दोघे जण होते. मागच्या चाकाकडे बोट दाखवून ते ओरडू लागले, "धूर निघतोय, धूर!" भाच्याने गाडी कडेला घेतली आणि खाली उतरून पाहिले. चाक ठाकठीक होते. मान वर केली तो एकाने पोटाला सुरा लावलेला. दुसरा म्हणाला, "किल्ली दे."

भाच्याने किल्ली दिली. मोबाईल दिला. हात वर करून चार पावले मागे सरला. दोन मिनिटांत सारे आटोपले. एक जण टॅक्सी घेऊन गेला, दुसरा मोटारसायकल. भाचा पावसात पायी चालत एका ढाब्यावर पोचला आणि तिथून त्याने ११२ ला फोन लावला.

जीव वाचला. बहिणीने त्याच्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. पण गावाचे तोंड कोण धरणार? पारावरची मंडळी म्हणू लागली, "एवढा धिप्पाड गडी, अन् दोन पोरांच्या हातात किल्ली देऊन आला!" एकाने तर त्याला बांगड्या भरायला सांगितले. हे बोलणाऱ्याच्या पोटाला कधी सुरा लागलेला नाही, हे वेगळे सांगायला नको. आणि बांगड्या भरणारी माझी बहीण काय धीराची आहे, हे त्याला ठाऊक नाही.

आठ दिवसांनी भाचा कोरा कागद घेऊन माझ्याकडे आला. शाळेतून निवृत्त झाल्यापासून गावचे अर्ज मीच लिहितो. रेशनकार्डाचा, सातबाराचा, पेन्शनचा. तो म्हणाला, "मामा, अर्ज लिहून द्या. पिस्तुलाचे लायसन काढायचे आहे."

मी म्हणालो, "देतो की. पण आधी एक सांग. पिस्तूल तू कधी चालवशील?"

"म्हणजे काय! कोणी गाडी अडवली की."

"बरे. आणि कधी चालवणार नाहीस?"

तो गप्प बसला. खरे सांगायचे तर मलाही नीट उत्तर देता आले नसते. मी मॅट्रिक झालेला माणूस, वकील नव्हे. म्हणून तालुक्याच्या एका वकिलांकडून कायद्याचे पुस्तक मागून आणले आणि दोन संध्याकाळी आम्ही दोघांनी ओसरीवर बसून ते वाचले. जे समजले ते इथे लिहितो. तुमच्यातले पुष्कळ जण टेंपो, ट्रक, रिक्षा चालवतात. तुम्हांलाही ते उपयोगी पडेल.

कायदा काय म्हणतो

इंग्रजांच्या वेळचा १८६० चा दंडविधान आता गेला. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात ३४ पासून ४४ पर्यंतची कलमे खाजगी बचावाच्या हक्काची आहेत. खाजगी बचाव म्हणजे पोलीस जवळ नसताना आपला आपण केलेला बचाव. हा हक्क प्रत्येकाला आहे. स्वतःच्या शरीराचा बचाव करता येतो. दुसऱ्याच्याही शरीराचा करता येतो, मग तो तुमचा नातेवाईक नसला तरी. मालमत्तेचाही बचाव करता येतो. हक्काने केलेला बचाव हा गुन्हाच नव्हे, असे ३४ वे कलम सांगते.

पण या हक्काला दोन लगाम आहेत. ते ३७ व्या कलमात आहेत. पहिला असा की पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क नाही. उद्या रात्री अमका मनुष्य गाडी पळवणार आहे, असे आज कळले, तर ठाण्यात जायचे. काठी घेऊन दबा धरून बसायचे नाही. दुसरा लगाम असा की बचावाला जरूर तेवढीच इजा करायची, त्याहून अधिक नाही.

आता मोठा प्रश्न. समोरच्याचा जीव जाईल इतकी इजा केव्हा करता येते? शरीराच्या बाबतीत याची यादी ३८ व्या कलमात आहे. आता आपला जीव जाणार किंवा जबर दुखापत होणार अशी रास्त भीती वाटली तर. बलात्काराचा किंवा अनैसर्गिक अत्याचाराचा हल्ला असेल तर. माणूस पळवून नेत असतील तर. सोडवायला पोलीस येऊ शकणार नाहीत अशा ठिकाणी कोंडून ठेवत असतील तर. ॲसिड फेकत असतील तर. मालमत्तेच्या बाबतीत यादी ४१ व्या कलमात आहे, आणि तिच्यात जबरी चोरी येते.

चोरी आणि जबरी चोरी हे शब्द कायद्यात वेगळे आहेत. तुम्ही ढाब्यावर झोपला आहात आणि कोणी टाकीतले डिझेल काढतो आहे, ही चोरी. तुम्ही जागे झालात, त्याने तुमच्यावर सुरा उगारला किंवा तुम्हांला दाबून धरले, की ती जबरी चोरी. अशा टोळीत पाच किंवा अधिक जण असले तर तो दरोडा. नुसत्या डिझेलचोराला आरडाओरडा करून हाकलता येते, धरता येते, धरताना थोडीफार झटापट झाली तरी चालते. पण त्याच्या डोक्यात टॉमी घालून त्याचा प्राण घेतला तर तुम्हीच आरोपी. मालाला जपणारे ट्रकवाले इथेच चुकतात. रात्रीची झोपमोड झालेली असते, महिनाभर डिझेल जात असते, राग साठलेला असतो. राग हे कायद्यात कारण होत नाही.

भाच्याने ४१ वे कलम दोनदा वाचले. त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे मामा, त्या रात्री मला हक्क होता. पोटाला सुरा होता. मी चुकलोच की!"

मी म्हणालो, "अरे, हक्क होता म्हणजे तो वापरलाच पाहिजे असे कुठे लिहिले आहे?" आमचा सगळा वाद पुढे यावरच चालला.

हक्क वेगळा, शहाणपण वेगळे

असे समजा की त्या रात्री भाच्याजवळ पिस्तूल होते. ते कुठे असते? गाडीत, समोरच्या खणात. भाचा गाडीबाहेर. सुरा पोटाला. खणाकडे हात गेला असता तर सुरा आत जायला किती वेळ लागतो? डोळ्याचे पाते लवायला लागतो तेवढा. आणि त्याने मुकाट्याने किल्ली दिली असती तर टॅक्सीबरोबर पिस्तूलही चोरांच्या हाती गेले असते. काल सुऱ्याने लुटणारे उद्या पिस्तुलाने लुटते झाले असते. लायसन भाच्याच्या नावाचे, म्हणजे ठाण्यातले हेलपाटेही त्याचेच.

गाडी लोखंडाची आहे. पूर्ण विमा असेल तर तिचे पैसे मिळतात. आमचे लोक त्याला फुल इन्शुरन्स म्हणतात. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचे काही मिळत नाही, हे आजच कागद काढून पाहा. म्हणून चोराला फक्त गाडी हवी असेल तर ती देऊन टाकावी आणि बाजूला व्हावे, असे माझे मत आहे. पारावरच्यांचे मत वेगळे असेल. त्यांना मी ओसरीवर बोलावले होते, कोणी आले नाही.

पण चोराला फक्त गाडी नको असली तर? इथे धडा बदलतो.

किल्ली दिल्यावरही तो म्हणतो, "तूही गाडीत बस." हात बांधू लागतो. आडरस्त्याला न्यायचे म्हणतो. किंवा मागच्या सीटवर भाडे आहे, एखादी बाई आहे, आणि तो तिच्यासकट गाडी नेऊ पाहतो. किंवा तुमचे मूल मागे झोपले आहे. आता तो गाडी लुटत नाही, माणूस पळवतो आहे. किल्ली देऊन हा प्रश्न सुटत नाही. ३८ व्या कलमाची यादी अशा वेळेसाठीच आहे. अशा वेळी हाती येईल ते घेऊन झुंजावे, मोठ्याने ओरडावे, अंधारात उडी टाकता आली तर टाकावी. जॅकचा दांडा, पाना, काठी, लायसनचे पिस्तूल, काहीही. कायदा हत्याराचे नाव विचारत नाही. धोका केवढा होता आणि दुसरी वाट होती का, हे विचारतो.

मूल मागे असेल तर किल्ली देण्याआधी मोठ्याने सांगा, "गाडी घ्या, मागे लेकरू आहे, तेवढे उतरवून घेतो." पुष्कळदा चोराला मुलाचे लोढणे नकोच असते. मूल काढू दिले तर काम झाले. काढू दिले नाही, तर मग तुम्हांला काय करायचे ते मी सांगायला नको.

हे सारे त्या क्षणी सुचत नाही. भाचा म्हणाला की त्याला स्वतःचे नावही आठवले नसते. म्हणून ते आज, घरात बसून, भरल्या पोटी ठरवून ठेवायचे. गाडीसाठी झुंजायचे नाही, माणसासाठी झुंजायचे. एवढी एक रेघ मनात आखलेली असली की हात आपोआप त्या बाजूला वळतो.

हक्क केव्हा संपतो

भाच्याचा पुढचा प्रश्न असा होता. "बरे, किल्ली दिली. ते गाडी घेऊन निघाले. मग पाठीमागून टायरवर गोळी मारली तर?"

पुस्तकात याचेही उत्तर आहे. शरीराच्या बचावाचा हक्क धोक्याची रास्त भीती उभी राहिली की सुरू होतो आणि भीती असेतोवर टिकतो. हे ४० वे कलम. त्यासाठी पहिला वार अंगावर पडेपर्यंत थांबावे लागत नाही, हेही ध्यानात घ्या. जबरी चोरीचे ४३ व्या कलमात आहे. चोर मारत आहे, अडवून धरत आहे, किंवा आता मारील अशी भीती आहे, तोवर हक्क आहे. तो पाठ फिरवून निघून गेला, भीती गेली, की जीव घेण्याचा हक्कही गेला. अंधारात धावत्या गाडीच्या टायरवर मारलेली गोळी टायरलाच लागेल, असे सिनेमात होते.

१९६२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे पंजाबातल्या एका गावचा खटला होता. शेताच्या भांडणात बंदुका चालल्या होत्या. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती आपल्या साताऱ्याचे, प्र. बा. गजेंद्रगडकर. पुढे ते देशाचे सरन्यायाधीश झाले. त्यांनी सांगितले की बचावाचे बळ हल्ल्याच्या मानाने फार जास्त असू नये, आणि धोका टळला की ते थांबले पाहिजे. आज साठ वर्षांनंतरही कोर्टात याच निकालाचा दाखला देतात.

दुसरा खटला गुजरातेतला, १९८० च्या निकालांच्या पुस्तकात छापलेला. तो आपल्या विषयाला अगदी जवळचा आहे. एक जण मोटारीतून चालला होता. मजुरीच्या बाकीवरून ज्यांच्याशी वाद होता त्यांनी वाटेत त्याची गाडी थांबवू पाहिली. त्याने रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या झाडल्या. एक माणूस मेला. जीव घेण्याइतका हक्क त्याला होता, हे सर्वोच्च न्यायालयाने मानले नाही. संकटातून सुखरूप निसटायची वाट असेल तर आधी ती धरावी, असे त्या निकालात आहे. गाडी अडवणारा प्रत्येक जण लुटारू नसतो, हेही यातून दिसते. कोणी अपघातात सापडलेला असतो, कोणी दारू प्यालेला, कोणी आपले पैसे मागणारा.

याच्या उलट बाजूचाही निकाल आहे. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगी बचावाची तत्त्वे एकत्र मांडली. हल्ला अंगावर आला असता सरळ माणसाने भित्र्यासारखे वागावे, अशी कायद्याची अपेक्षा नाही, असे त्यात म्हटले. जिवावर बेतलेला माणूस बळाचे माप सोनाराच्या काट्याने तोलू शकत नाही, हेही कोर्टे मानतात. हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचले तर थोडी ओढाताण वाटते. मला तरी वाटली. वकील म्हणाले, "गुरुजी, म्हणूनच प्रत्येक खटल्याची हकीगत वेगळी पाहतात."

आणि स्टिअरिंग हातात असलेल्यांनो, गाडी हेही हत्यारच आहे. समोर उभ्या असलेल्या माणसावर गाडी घातली तर कोर्ट तेच प्रश्न विचारील, जे गोळी झाडणाऱ्याला विचारते.

चूक झाली तर काय होते? बचाव करताना शुद्ध भावनेने, आधी काही ठरवलेले नसताना, हक्काच्या बाहेर पाऊल पडले आणि माणूस मेला, तर तो खून धरत नाहीत, सदोष मनुष्यवध धरतात. त्यालाही दहा वर्षांपर्यंत सजा आहे, प्रसंगी जन्मठेप आहे. मी बचाव केला, हे आरोपीलाच दाखवावे लागते. फिर्यादी पक्षाइतका कडक पुरावा त्याच्याकडून मागत नाहीत, त्याचे म्हणणे संभवनीय दिसले तरी पुरते. पण तोवर वर्षे जातात, जमीन जाते, गाडीही विकली जाते. ज्या गाडीसाठी हे केले तीच.

हत्याराविषयी थोडे

पिस्तूल किंवा बंदूक लायसनशिवाय बाळगता येत नाही. कायदा १९५९ चा आहे. शहरात पोलीस आयुक्तांकडे आणि जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. बाजारात चोरून मिळणारा गावठी कट्टा घेऊ नका. तो नुसता जवळ सापडला तरी दोन ते पाच वर्षे कैद आहे. सुऱ्याचेही माप आहे. पाते नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल तर त्यावर हत्याराचा कायदा लागू शकतो. घरकामाचे, शेतीचे किंवा धंद्याचे अवजार असेल तर गोष्ट वेगळी. पण सीटखाली कोयता ठेवून "शेतीसाठी आहे" म्हणणाऱ्या टॅक्सीवाल्यावर कोणता हवालदार विश्वास ठेवील? शिवाय सणासुदीला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली मनाई हुकूम निघतात. तेव्हा लाठीकाठीलाही बंदी असते.

गाडी अडवू पाहत असतील तेव्हा

शक्यतो थांबूच नका. चाकातून धूर निघतो म्हणाले, काचेवर काही फेकले, मागून हलकासा धक्का दिला, तरी उजेडात जाऊन थांबा. टोलनाका, पेट्रोल पंप, माणसांनी भरलेला ढाबा. काचा वर, दारे आतून बंद. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदतीचा नंबर आहे, पोलिसांचा ११२. किल्ली द्यायचीच झाली तर हात दिसतील असे ठेवा, काय करता ते तोंडाने सांगत करा, एकदम खिशात हात घालू नका. चोराचाही हात कापत असतो.

नंतर जवळच्या कोणत्याही ठाण्यात फिर्याद द्या. आमची हद्द नाही, असे सांगून परत पाठवता येत नाही. शून्य क्रमांकाने फिर्याद नोंदवून ते योग्य ठाण्याकडे धाडतात. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. ती दोन्ही किल्ल्या मागते. एक चोराने नेली असेल तर तसे फिर्यादीत लिहून घ्या. भाच्याने हे लिहून घेतले होते, म्हणून निभावले. चोर सापडले नाहीत. पोलिसांनी "अ समरी" केली. म्हणजे गुन्हा खरा, पण तपास लागला नाही. तो कागद जोडल्यावर सात महिन्यांनी पैसे आले.

एक गोष्ट सांगायची राहिली. टॅक्सीत संकटाच्या वेळी दाबायचे लाल बटण असते. भाच्याच्या गाडीतही होते. पण पासिंग झाल्यावर त्याची तार कधीच सुटली होती, आणि भाच्याने ती पाहिली नव्हती. नवी गाडी आली तेव्हा पेढे वाटायच्या आधी त्याने ते बटण तपासून घेतले.

अर्ज मी लिहून दिला. मागणे हा त्याचा हक्क आहे. त्याने तो घडी करून खिशात ठेवला. परवा भेटला तेव्हा मी विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही.

प्रश्न

चोरी आणि जबरी चोरी यांत फरक काय? तुमच्या धंद्यातले एकेक उदाहरण सांगा.

चोर गाडी घेऊन पन्नास पावले गेला आहे. तुमच्या हातात दगड आहे. मारावा का? वर्गात दोन बाजू करून बोला.

घरी जाऊन विम्याचा कागद काढा. त्यात चोरीची भरपाई आहे का, ते स्वतः वाचा. उद्या वर्गात सांगा.

मागच्या सीटवर मूल झोपले आहे. किल्ली देण्याआधी तुम्ही कोणते शब्द बोलाल? ते वहीत लिहा आणि घरच्यांना वाचून दाखवा.